साडेचारशे पौंडांची उधारी

लेकीकडे डब्लिनला जाऊन तीन आठवडे झाले आणि घरातली सगळी भांडी घासून, कपाटं आवरून, बाल्कनीत मेथी लावून झाली, तेव्हा जावई म्हणाले, "आई, आता तुम्हाला फिरवून आणतो. पाच दिवस रजा काढलीय." लेकीने यादी तयारच ठेवली होती. मोहरचे कडे, किल्ले, एक-दोन बागा. मी म्हटलं, मला स्ट्रेडला जायचंय.

"ते कुठे आलं?"

मेयो परगण्यात. मायकेल डॅविटचं गाव. त्याची आणि माझी ओळख जुनी आहे. माझं माहेर शिरूर तालुक्यातलं. आमच्या तालुक्यात कर्डे नावाचं गाव आहे. १८७४ साली तिथल्या एका सावकाराने कोर्टाची डिक्री आणून एकाची मालमत्ता गिळायला घेतली आणि गावाने त्याला वाळीत टाकलं. न्हावी दाढी करेना, कुणी पाणी भरेना, कुणी शेत कसेना. पुढच्या वर्षी १२ मेला सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जळाल्या. त्याला इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. हे शाळेत शिकवताना दरवर्षी मी आयर्लंडचाही उल्लेख करायचे, कारण तिकडे हाच प्रकार झाला आणि त्यातून 'बॉयकॉट' हा शब्द निघाला. त्यामागच्या चळवळीचा मुख्य माणूस डॅविट.

आमचे हे एरवी इतिहासाच्या नावाने जांभई देतात. बत्तीस वर्षं क्रीडाशिक्षक, खो-खोची पोरं घडवली, बाकी कशात लक्ष नाही. पण डब्लिनमध्ये गल्लीतली पोरं हातात लाकडी दांडकी घेऊन चेंडू हवेत टोलवत शाळेत जाताना त्यांनी पाहिली आणि त्या हर्लिंग नावाच्या खेळाने त्यांना पार पछाडलं. मी सांगितलं, त्या खेळाच्या संघटनेचा एक आश्रयदाता डॅविटच होता. झालं. दोन मतं पडली. मोहरचे कडे राहिले.

पहिला दिवस : डब्लिन, क्रोक पार्क

प्रवास असा नाहीच, बसने अर्धा तास. क्रोक पार्क हे गेलिक ॲथलेटिक असोसिएशनचं, म्हणजे इथल्या भाषेत 'जीएए'चं, मुख्य मैदान. ८२,३०० माणसं मावतात. आणि इथे खेळणारा एकही खेळाडू पगारी नाही. शिक्षक, सुतार, पोलीस, शेतकरी सगळे. सोमवारी कामावर हजर. हे ऐकल्यावर आमच्या ह्यांनी गाइडला तीन वेळा विचारलं, "एक रुपया पण नाही?" तिनेही तीन वेळा हसून सांगितलं, प्रवासखर्च मिळतो.

आत संग्रहालय आहे आणि वरच्या मजल्यावर स्वतः खेळून बघायची सोय. हर्लिंगच्या दांडक्याला आयरिश भाषेत 'कमॉन' म्हणतात. आपली कमानच म्हणा ना, कारण खालचं टोक तसंच वळलेलं असतं. चेंडू 'स्लिटर', सीझन बॉलसारखा, पण शिवण उंच उठलेली. विटी-दांडू खेळलेल्या माणसाला हे जमायला हवं, असं म्हणत ह्यांनी कमॉन फिरवला. स्लिटर जागचा हलला नाही. शेजारच्या सात-आठ वर्षांच्या मुलीने त्यांना पकड कशी धरायची ते दाखवलं. बत्तीस वर्षांचा क्रीडाशिक्षक मुकाट्याने शिकला.

गाइडबाईंनी एक गोष्ट सांगितली ती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. २१ नोव्हेंबर १९२० रोजी याच मैदानावर सामना चालू असताना ब्रिटिशांच्या पोलीस-शिपायांनी घुसून गोळ्या झाडल्या. १४ जणांचा जीव गेला, त्यात टिपरेरी परगण्याचा खेळाडू मायकेल होगन. समोरचा होगन स्टँड त्याच्या नावाचा. त्या बोलत होत्या तेव्हा वर आभाळ भरून आलं आणि सगळे गप्प उभे राहिले. मग पाऊस आला आणि सगळे पळाले.

मी स्टँडची नावं मोजली. होगन, क्युसॅक, डॅविन. क्युसॅक आणि डॅविन हे संस्थापक. मैदानाचं नाव आर्चबिशप क्रोकचं, तो आश्रयदाता. दुसरा आश्रयदाता आयरिश पुढारी पार्नेल, त्याच्या नावाचं मैदान डब्लिनमध्येच दुसरीकडे आहे. तिसरा डॅविट. त्याचा स्टँड कुठेय?

"नाही," गाइडबाई म्हणाल्या. जरा विचार करून पुढे, "खरंच नाही."

माहितीसाठी : सामन्याच्या दिवशी टूरच्या वेळा बदलतात किंवा टूर नसतातच, आधी बघून जा. आणि भारतीयांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. युरोपच्या व्हिसावर इकडे येता येत नाही, वेगळा काढावा लागतो.

दुसरा दिवस : थर्लेस

गाडी भाड्याने घेतली. इकडे आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, त्यामुळे जावईबापूंना त्रास नाही. डब्लिनच्या रिंगरोडवर टोलनाका नसतो, कॅमेरा नंबर टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या आत आपण होऊन पैसे भरायचे. आम्ही विसरलो. दंड किती झाला ते लेकीने मला अजून सांगितलेलं नाही.

थर्लेस हे टिपरेरीतलं मध्यम गाव. एक मोठा चौक, कॅथेड्रल, चौकात आर्चबिशप क्रोकचा पुतळा आणि समोर हेज हॉटेल. १ नोव्हेंबर १८८४ ला या हॉटेलात बिलियर्ड खेळायच्या खोलीत मूठभर माणसं जमली आणि जीएए सुरू झाली. नोंद सातांची आहे. काही म्हणतात जास्त होते. त्या सातांत एक पोलीस अधिकारीही होता, हे मला क्रोक पार्क बघून आल्यावर कसंसंच वाटलं.

चहा घ्यायला आत बसलो. चहा दूध घालून, कडक, मोठ्या किटलीत, म्हणजे बरोबर आपला. सोबत काळसर सोडा ब्रेड आणि लोण्याचा जाड थर. खाण्याबद्दल एक सांगते. आयर्लंडमध्ये शाकाहारी माणूस उपाशी मरत नाही, पण बटाट्याच्या बाहेरही पडत नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात नेली होती आणि त्या ब्रेडवर लोण्यासोबत ती चटणी लावून खाल्ली. वाढणाऱ्या मुलीने विचारलं हे काय. दिली चिमूटभर. तिचे डोळे भरून आले. तिखटाने.

या खोलीत डॅविट नव्हताच. संस्था निघाल्यावर क्युसॅकने तिघांना आश्रयदाते व्हा म्हणून विचारलं आणि तिघांनी होकार दिला. आर्चबिशपाचं पत्र गाजलेलं आहे. त्यात त्याने लॉन टेनिस, पोलो, क्रोके, क्रिकेट या परक्या खेळांवर तोंडसुख घेतलंय. (क्युसॅक स्वतः काही वर्षं आधी क्रिकेटचा चाहता होता, पण ते असो.) डॅविटचा सूर वेगळा होता. त्याच्या डोक्यात टेल्टन होतं. प्राचीन आयर्लंडात टेल्टनला म्हणे राष्ट्रीय जत्रा भरायची, धावणं, उड्या, कुस्त्या, सगळ्या बेटाची माणसं एकत्र. ते पुन्हा भरवू या, अमेरिकेतल्या आयरिश लोकांकडून पैसा उभा करू, असं तो म्हणत होता.

ते कसं फसलं ते ऐका. १८८८ मध्ये पन्नासेक खेळाडू टेल्टनचा निधी जमवायला बोटीने अमेरिकेला गेले. हवा वाईट, तिकडच्या क्रीडासंस्थांची आपापसांत भांडणं, त्यात राष्ट्राध्यक्षांची निवडणूक. गर्दीच झाली नाही. परत यायला पैसे उरले नाहीत. तेव्हा डॅविटने साडेचारशे पौंड उसने दिले. पुष्कळ खेळाडू तिकडेच नोकरीला लागले, परत आलेच नाहीत. त्या वर्षीची अखिल आयर्लंड स्पर्धाही अर्धवट राहिली. आणि डॅविटचे साडेचारशे पौंड त्याला कधी परत मिळाले नाहीत.

"शाळेच्या टीमला जिल्ह्याला नेताना मी घातलेले पैसे तरी कुठे परत मिळाले," हे म्हणाले. तेव्हापासून डॅविट त्यांच्यात जमा.

संध्याकाळी गावातल्या क्लबच्या मैदानावर दहा वर्षांखालच्या पोरांचा सराव बघत बसलो. रात्री साडेनऊला ऊन. डोक्याला शिरस्त्राणं, हातात स्वतःएवढे कमॉन. प्रशिक्षक म्हणाले, कमॉन ॲशच्या लाकडाचा लागतो, पण ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, देशभर झाडं वाळतायत, आता बांबूचे आणि प्लास्टिकचे कमॉन निघालेत. हे सांगताना माणसाचा चेहरा उतरला होता. ह्यांनी त्यांना खो-खो समजावून सांगितला, हातवाऱ्यांनी, जमिनीवर रेघा मारून. पाच मिनिटांत आठ पोरं ओळीत उकिडवी बसली होती आणि थर्लेसच्या मैदानावर "खोऽऽ" ऐकू येत होता.

माहितीसाठी : गाडी नको असेल तर थर्लेस डब्लिन-कॉर्क रेल्वेमार्गावरच आहे.

तिसरा दिवस : लॉक मास्क

दिवसभर पाऊस. आपला नव्हे. आपला पाऊस येतो तसा येतो आणि जातो. हा लोंबत राहतो.

गॉलवे ओलांडून मेयोत शिरलो. कॉनेमाराची पाटी दिसली तेव्हा जावईबापू म्हणाले, आपल्या क्रिकेटपटू रणजितसिंहांनी १९२०च्या दशकात तिथला बॅलिनाहिंच किल्ला विकत घेतला होता, मासे पकडायला. क्रिकेटवर तोंडसुख घेणाऱ्या देशात क्रिकेटचा राजा जमीनदार झाला. आर्चबिशप तेव्हा हयात नव्हता, नाहीतर आणखी एक पत्र आलं असतं.

बॅलिनरोबजवळ लॉक मास्क तळ्याकाठी कॅप्टन बॉयकॉटचं घर आहे. खाजगी जागा, आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. पावसात धूसर झाडं, एक भिंत. १८८० च्या शरदात इथे जमीनदार लॉर्ड अर्नच्या ह्या व्यवस्थापकाला लोकांनी वाळीत टाकलं. बटाटे-सलगम काढायला उत्तरेकडून ५० माणसं आणावी लागली आणि त्यांच्या राखणीला हजाराच्या आसपास शिपाई-पोलीस. पिकाच्या कितीतरी पट खर्च राखणीवर. मी गाडीत कर्ड्याची गोष्ट सांगितली. लेक म्हणाली, "म्हणजे आई, सहा वर्षं आधी तुझ्या गावाकडे झालं आणि नाव मिळालं याला?"

नाव तर मिळालं. ते मिळवायला इंग्रजीत वर्तमानपत्रं लागतात.

मुक्काम एका घरगुती ठिकाणी. मालकीणबाई सत्तरीच्या. ओले बूट बघून आधी वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबले, मग नाव विचारलं. माझी आजी हेच करायची.

चौथा दिवस : स्ट्रेड

याच दिवसासाठी आले होते.

स्ट्रेड म्हणजे गाव म्हणावं असं काही नाही. फॉक्सफर्डहून येणारा मोठा रस्ता, दुतर्फा हिरवी शेतं, दगडी गडगे, तेराव्या शतकातल्या मठाचे अवशेष आणि शेजारी एक जुनं छोटं चर्च. त्याच चर्चमध्ये १८४६ साली डॅविटचा बाप्तिस्मा झाला. आता तिथे त्याचं संग्रहालय आहे. आम्ही सोडून फक्त एक जर्मन जोडपं.

त्याची गोष्ट थोडक्यात सांगायचीच तर अशी. दुष्काळात जन्म. चार वर्षांचा असताना, १८५० मध्ये, भाडं थकलं म्हणून जमीनदाराने घराबाहेर काढलं. अनाथालयवजा वर्कहाउसमध्ये आसरा होता, पण तीन वर्षांवरच्या मुलग्याला आईपासून वेगळं ठेवायचा नियम होता. आई म्हणाली, नको तुमचा आसरा. सगळे इंग्लंडला, लँकेशरमधल्या हॅस्लिंग्डनला गेले. नऊ वर्षांचा मायकेल कापडगिरणीत लागला. ११ व्या वर्षी यंत्रात उजवा हात गेला. भरपाई शून्य. हात गेला म्हणून शाळेत जाता आलं, पुढे एका हाताने छापखान्यात खिळे जुळवायला शिकला. मग क्रांतिकारकांत गेला, १८७० मध्ये पकडला गेला, १५ वर्षांची सक्तमजुरी झाली, सात वर्षं भोगून सुटला. आणि १८७९ मध्ये मेयोत परत येऊन त्याने कुळांना उभं केलं. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला इथून जवळच कॅसलबारला लँड लीग ही कुळांची संघटना निघाली. आमच्याकडे शेतकऱ्यांना सावकारांपासून वाचवायचा दख्खनचा कायदाही १८७९ चाच. इंग्रज सरकारला ते वर्ष एकंदर जडच गेलं असणार.

एका फोटोसमोर हे बराच वेळ थांबले. कोटाची उजवी बाही रिकामी. म्हणाले, "हा माणूस स्वतः कमॉन धरू शकत नव्हता."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हर्लिंगला दोन हात लागतात.

संग्रहालयातले गृहस्थ बोलके. मी विचारलं, जमिनीच्या माणसाला खेळाची काय पडली होती? त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "ते शेत कुणाचं होतं तेव्हा? जमीनदाराचं. खेळायचं तर कुठे?" मग म्हणाले, जीएएच्या आधी ॲथलेटिक्सच्या शर्यतींत मजूर, कारागीर यांना बऱ्याच ठिकाणी उतरूच देत नसत, तो सभ्य गृहस्थांचा प्रकार. शिवाय इंग्रजी वळणाच्या संस्थांना रविवारी खेळणं चालत नसे, आणि मजुराला सुट्टी फक्त रविवारी. जीएएने रविवारी सामने ठेवले. एवढ्या एका गोष्टीने मैदानं भरली.

मला वाटतं डॅविटला आर्चबिशपासारखी परक्या खेळांची चीड नव्हती. १८९२ मध्ये ग्लासगोत सेल्टिक क्लबच्या नव्या मैदानाचा पहिला हिरवळीचा तुकडा त्यानेच लावला, डोनेगॉलहून आणलेला. म्हणजे फुटबॉल, साधा इंग्रजी फुटबॉल. जीएएचा आश्रयदाता, आणि फुटबॉलच्या मैदानावर फावडं घेऊन. तिथे खेळणारी आणि बघणारी सगळी देशोधडीला लागलेल्या आयरिश मजुरांची पोरं होती, तो स्वतः तसाच होता. (तो तुकडा म्हणे रातोरात कुणीतरी चोरला.) पुढे जीएएने परके खेळ खेळणाऱ्या, नुसते बघणाऱ्या सभासदांनाही बाहेर काढायचा नियम केला, तो १९७१ पर्यंत चालला. त्या नियमाने बघितलं तर डॅविटलाच काढायला हवं होतं.

आणि हो, दादाभाई नौरोजींना आयर्लंडमधल्या मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत पाठवावं, ही कल्पनाही याच माणसाची. पार्नेलने मानली नाही. दादाभाई १८९२ मध्ये लंडनमधूनच निवडून आले.

मठाच्या आवारात कबर आहे. उंच केल्टिक क्रूस. १९०६ च्या मेमध्ये डब्लिनला वारला, रेल्वेने फॉक्सफर्डपर्यंत आणला आणि घरातून हाकललं होतं तिथून हाकेच्या अंतरावर पुरला. पाऊस थांबला होता. गवतात कुणीतरी ठेवलेला एक जुना, शिवण उसवलेला स्लिटर होता. ह्यांनी उचलला, बघितला, पुन्हा होता तसाच ठेवला. मी खिशातून दोन युरोचं नाणं काढून देणगीच्या पेटीत टाकलं आणि म्हटलं, साडेचारशेतले दोन फिटले.

दुपारी फॉक्सफर्डला लोकरीच्या गिरणीत गेलो. १८९२ मध्ये एका ननने गावाला काम मिळावं म्हणून काढलेली, अजून चालू आहे. घोंगडी सुरेख, किंमत बघून परत घडी घातली. तिथे सूप चांगलं मिळतं. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी मेयोचा शाप सांगितला. १९५१ मध्ये मेयोने गेलिक फुटबॉलचा, म्हणजे जीएएच्याच दुसऱ्या खेळाचा, अखिल आयर्लंड चषक जिंकला. संघ वाजतगाजत फॉक्सफर्डमधून चालला होता, वाटेत एक अंत्ययात्रा लागली, कुणी थांबलं नाही. चिडून धर्मगुरूने शाप दिला, या संघातला एक जण जरी जिवंत असला तरी चषक पुन्हा येणार नाही. त्यानंतर १९८९ पासून ११ वेळा अंतिम सामन्यात हरले. त्या संघातला शेवटचा खेळाडू २०२१ मध्ये गेला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता शापही नाही," आजोबा म्हणाले. "आता आम्हीच."

माहितीसाठी : फॉक्सफर्डला रेल्वे स्टेशन आहे, मनुला जंक्शनला गाडी बदलावी लागते. तिथून स्ट्रेडला टॅक्सी. संग्रहालयाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, फोन करून जा.

पाचवा दिवस : ॲकिल

ॲकिल बेटावर जायला एक पूल आहे, त्याचं नाव मायकेल डॅविट पूल. पहिला १८८७ मध्ये झाला आणि उद्घाटन त्यानेच केलं. आताचा २००८ चा. स्टँड नाही, निदान पूल तरी.

पुलापलीकडे स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी ओस गाव आहे. छप्परं नसलेली दगडी घरं एका ओळीत, आत मेंढ्या. पुढे कीमचा समुद्रकिनारा, पाणी इतकं निळं की कोकणातला माणूसही गप्प बसेल. वारा थांबला की बारीक चिलटं चावतात, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. लेक आणि जावई पाण्यात उतरले आणि किंचाळत बाहेर आले.

परतीच्या वाटेवर ह्यांनी एका दुकानात कमॉन आणि दोन स्लिटर घेतले. विमानात हातातल्या सामानात कमॉन चालत नाही, हत्यारात धरतात. बॅगेत तिरका घालून, साड्यांत गुंडाळून आणला.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी हे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणावर गेले. पोरं जमली. स्लिटर कसा उचलायचा, पकड कशी धरायची, सगळं सांगून झालं आणि सातवीतल्या एका पोराने असा टोला हाणला की चेंडू कुंपणावरून थेट शेजारच्या उसात. मागोमाग आतून आवाज आला, "कोण आहे रे? रान तुमच्या बापाचं आहे का?"

दुसरा स्लिटर आता आमच्या शोकेसमध्ये आहे. पहिला ऊसतोडणीपर्यंत काही सापडत नाही.